तिसऱ्या फेरीला मरगळणारी बोट

खाणीच्या तळ्यावर बोटींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, वर्ना टेस्मर काठावरच्या घडीच्या खुर्चीत बसून फेऱ्या मोजत आली होती. क्लबात सगळे बाप्ये. कुणी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कुणी कागद गिरणीतला, कुणी शाळेत गणित शिकवणारा. शनिवार उजाडला की रिमोटवर चालणाऱ्या हातभर लांबीच्या बोटी गाडीतून काढायच्या, मागे टांगलेल्या मुठीएवढ्या इंजिनात इंधन भरायचं आणि दिवसभर कानठळ्या बसवायच्या. त्या बोटी पाण्यातून जात म्हणणं चूकच. पोटाखालच्या बोगद्यात वारा धरून त्या पाण्याच्या वरून जात, खाली टेकलेला असे तो फक्त पंखा. वर्ना पाटीवर रेघा मारी. सहा रेघा झाल्या की हात वर करी. दुपारी भाजलेले सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड वाढी. कुणी विचारलं असतं तर तिने हेही सांगितलं असतं, की गणिताचे मास्तर दुसऱ्या वळणाला कचरतात आणि डेल प्रोखनाऊ तिसरं वळण घेताना नेहमी हातभर बाहेर जातो. पण कुणी विचारलं नव्हतं.

तिची नोकरी दुधाच्या कारखान्यातली. एकतीस वर्षं ती दूध तापवायच्या यंत्रावर होती. एकशे एकसष्ट अंश फॅरनहाइट, पंधरा सेकंद. अंशभर कमी झालं तर अख्खी टाकी परत फिरवायची. कारखाना बंद झाला त्या दिवशी साहेब सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं वाटत होते. वर्ना म्हणाली, "घड्याळ घरी आहे. मला माझा तापमापक द्या." लांब सुईचा, वर गोल तबकडी असलेला तो तापमापक ती चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवी.

बोट होती तिच्या नवऱ्याची, रॉयची. लाल रंगाची, नाकावर पांढरा पट्टा. क्लबात रॉयचा शब्द चाले, कारण मिसुरी राज्यात जाऊन मोठी शर्यत जिंकून आलेला तो एकटाच होता. पण त्याला कंपवाताने गाठलं. आधी कॉफीचा कप वाजायला लागला, मग शर्टाची बटणं. शहाण्णव सालच्या वसंतात तो तळ्यावर गेला, रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच वळणाला बोट सरळ खडकावर घातली. घरी येऊन त्याने बोट पुसली, पेटीत ठेवली आणि क्लबच्या हार्लन ग्रेबेला फोन केला. हार्लन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, तळ्याचा मालक आणि शर्यतीचा पंच. तो संध्याकाळी आला आणि टोपी हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला.

"तो मास्तर घेईल म्हणतो," हार्लन म्हणाला. "चांगल्या हातात जाईल, रॉय."

"जाऊ दे," रॉय भिंतीकडे बघत म्हणाला.

वर्ना भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"कुठे जाणार नाही बोट. मी चालवते."

हार्लनला वाटलं, ही थट्टा करते आहे. तो हसला. रॉय मात्र हसला नाही. वर्नाचा तो आवाज त्याने चाळीस वर्षांच्या संसारात चार-पाचदाच ऐकला होता आणि दर वेळी त्याला आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं होतं.

"तुला इंजिन चालू करता येतं का?" त्याने विचारलं.

"तू शिकव. बोटं माझी, डोकं तुझं."

आणि त्याने शिकवलं. मे महिनाभर. इंधनाची सुई किती फिरवली की इंधन किती जातं, पंखा किती खोल ठेवायचा, प्लग कसा बघायचा. बोट धरून पाण्यात सोडायला कुणीतरी हवं होतं, त्यासाठी वर्नाने डॉटी झिमनला पकडलं. डॉटी कारखान्यात तिच्या शेजारच्याच यंत्रावर होती. अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून. कारखान्यातले पांढरे गमबूट घालूनच ती तळ्यात उतरली.

"म्हणजे हे खेळणं मी फेकायचं?" तिने विचारलं.

"फेकायचं नाही, सोडायचं."

"एकच की ग."

वर्नाला चालवता येत होतं. हे तिचं तिलाही नवल होतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघितल्यामुळे असेल, पण कुठे आत वळायचं आणि कुठे बोटीला मोकळं सोडायचं हे तिच्या अंगठ्याला आपोआप कळे. जूनच्या पहिल्या शर्यतीत तिने सगळ्यांच्या आधी सुरुवातीची रेघ ओलांडली, पहिली फेरी पुढे, दुसरीही पुढे. काठावर लोक उभेच राहिले. तिसऱ्या फेरीत मात्र लाल बोटीचा आवाज बदलला. किंचाळणारं इंजिन घसा बसल्यासारखं गुरगुरायला लागलं. बोटीचं नाक खाली आलं. एकेक करत सगळे तिला ओलांडून गेले आणि वर्ना शेवटची आली.

पुढच्या शनिवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. दोन फेऱ्या वाघ आणि तिसरीला शेळी.

डेल प्रोखनाऊ हा क्लबचा त्या वेळचा विजेता. पस्तिशीचा, गाड्यांच्या गॅरेजचा मालक, स्वभावाने वाईट नव्हता पण जिभेला हाड नव्हतं. बंद पडलेल्या बोटी आणायला काठाला एक वल्ह्याची होडी बांधलेली असे. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मिसेस टेस्मर, तिसऱ्या फेरीला ही होडी आधीच पाठवून ठेवू का?"

"पाठव," डॉटी पाण्यातून ओरडली, "आणि तू बस तिच्यात. भोकं पाडायला मी येते."

सगळे हसले. पण हसून झाल्यावर जो तो सल्ला द्यायला आला आणि सल्ला सगळ्यांचा एकच. इंजिन तापतंय. दोन फेऱ्यांत तापतं आणि तिसरीला दम सोडतं. पाणी वाढवा.

या इंजिनांना थंड ठेवणारं पाणी तळ्यातलंच. पंख्याच्या दांड्याला खाली एक भोक, त्यातून धावत्या बोटीच्या जोराने पाणी आत शिरतं, नळीने वर चढतं, इंजिनाच्या हेडभोवती, म्हणजे वरच्या टोपणाभोवती, फिरतं आणि बाजूच्या नळीतून पिचकारीसारखं बाहेर पडतं. रॉयचंही तेच मत पडलं. भोक त्याने पूर्वीच रुंद केलेलं होतं, नळी जाड घातलेली होती आणि त्या कामाचा त्याला अभिमान होता. आता त्याने वर्नाकडून भोक आणखी मोठं करून घेतलं. इंधनही सढळ सोडायला लावलं.

त्या शनिवारी बोट दुसऱ्या फेरीतच मरगळली.

डॉटीने काठाला आणलेली बोट वर्नाने हातात घेतली. बाहेर पडायच्या नळीतून उरलेलं पाणी तिच्या मनगटावर गळलं. तिने मनगट तसंच धरलं. पाणी गार होतं. खाणीतल्या झऱ्याचं पाणी जुलैतही दात वाजवणारं. आणि सगळे ज्याला तापलंय म्हणत होते त्या इंजिनाभोवतून फिरून आलेलं हे पाणी जवळजवळ तसंच बाहेर आलं होतं. तिने हेडवर तळहात ठेवला. दहा आकडे मोजले तरी हात काढावासा वाटला नाही.

मग तिने इंजिनाचं चाक बोटाने फिरवून पाहिलं. या इंजिनांत पिस्टन ज्या नळकांड्यात फिरतो ते वरच्या टोकाला किंचित अरुंद केलेलं असतं. गार असताना पिस्टन वर गेला की तिथे अडकल्यासारखा होतो, आणि इंजिन तापलं की नळकांडं फुलून तो सुटा फिरतो. शर्यत संपून अर्धं मिनिटही झालं नव्हतं, तरी चाक वरच्या टोकाला कचकन अडत होतं.

घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "रॉय, ते तापत नाहीये. गारठतंय."

"काय?"

"इंजिन. त्याला थंडी वाजतेय."

रॉयने काचेबाहेर पाहिलं. "उष्णतेने मेलेली इंजिनं मी पोतंभर पाहिली. थंडीने मेलेलं एक दाखव."

"मेलं नाहीच ना ते. मेलं असतं तर बंद पडलं असतं. ते फक्त ओढत नाही."

"वीस वर्षं मी ही इंजिनं जुळवतोय, वर्ना."

"आणि एकतीस वर्षं मी दूध तापवलं. पाणी जोरात सोडलं की अंश पडतो. ते दुधाला माहीत आहे, लोखंडाला नाही?"

"ॲल्युमिनियम," रॉय म्हणाला. "आणि पितळ." मग तो पुन्हा काचेबाहेर बघायला लागला. मांडीखाली दाबून धरलेला त्याचा हात हलत होता. वर्नाला समजत होतं की प्रश्न इंजिनाचा नाही. हातातून रिमोट गेला होता. आता हातची विद्याही चुकीची होती असं त्याची बायकोच त्याला सांगत होती. तिला वाईट वाटलं. पण म्हणून तापमापकाला खोटं बोलायला लावणं तिला जमणारं नव्हतं.

मंगळवारी ती रॉयला न विचारता डॉटीला घेऊन तळ्यावर गेली. हेडवर प्लगशेजारी एक छोटा खळगा होता, त्यात तिने ग्रीसचा थेंब सोडला. बोट एक फेरी फिरवायची, काठाशी आणायची, डॉटीने झडप घालून इंधनाची नळी चिमटायची, आणि वर्नाने गुडघाभर पाण्यात उभं राहून तापमापकाची सुई खळग्यात टेकवायची. मग इंजिन पुन्हा तेवढंच तापवून दोन फेऱ्या. मग तीन. मग चार.

"किती?" डॉटी पाटी घेऊन विचारी.

"एकशे ब्याऐंशी."

"दोनला?"

"एकशे एकसष्ट." वर्नाने सुईचं ग्रीस पुसलं. "दुधाला बरं आहे."

तिसऱ्या फेरीनंतर काटा एकशे सव्वीसवर होता. चौथीनंतर एकशे नऊ.

डॉटीने पाटीकडे पाहिलं. "अग, यापेक्षा माझी आंघोळ गरम असते."

सगळं स्वच्छ होतं. शर्यतीआधी बोट काठावरच्या घोडीवर धरून इंजिन चालू करतात तेव्हा त्याला पाणी मिळत नाही, ते चांगलं तापतं. त्या तापावर दोन फेऱ्या निघतात. मग वेग येतो, वेगाबरोबर भोकातून बर्फासारखं पाणी घुसतं आणि इंजिन गारठतं. नळकांडं आवळतं, इंधन नीट पेटत नाही, आवाज बसतो. काठावरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, दमलं बिचारं, तापलं.

तिने पाटी घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर रॉयच्या ताटाशेजारी ठेवली. रॉयने आधी माशाचा तुकडा संपवला, मग चष्मा लावला. चार आकडे वाचायला माणसाला किती वेळ लागतो? रॉय पाच मिनिटं वाचत होता.

"मिसुरी," तो शेवटी म्हणाला.

"काय मिसुरी?"

"ऑगस्टमध्ये होती ती शर्यत. तळं उथळ, पाणी असं, की पोरं त्यात उतरायला तयार नव्हती, कढत म्हणून. तिथे मी मोठं भोक पाडलं. तिथे ते बरोबर होतं." त्याने चष्मा काढला. "मग तसंच घेऊन इथे आलो, झऱ्याच्या पाण्यावर. आणि बारा वर्षं मला वाटतंय, माझं नशीब मिसुरीत राहिलं."

वर्ना त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू यायला लागलं, आणि ते आल्यावर थांबेना. "बारा वर्षं!" तो टेबलावर हात आपटत म्हणाला. "अग, बारा वर्षं मी त्याला बर्फात घालतोय, आणि वर म्हणतोय, पळ!"

दुसऱ्या दिवसापासून तिघेही तळ्यावर. आत येणारं पाणी अडवू नये, हे रॉयने सांगितलं. आत कमी आलं तर हेडभोवतीची पोकळी पुरती भरत नाही, कुठेतरी वाफ कोंडते आणि तेवढाच भाग करपतो. अडवायचं ते बाहेर पडताना. म्हणजे पोकळी भरलेली राहते आणि पाणी आत जरा रेंगाळतं. कारखान्यातही तसंच होतं, वर्ना म्हणाली, झडप शेवटाला. तिने पितळेच्या पत्र्याच्या वाटाण्याएवढ्या चकत्या कापल्या आणि प्रत्येकीला वेगळ्या मापाचं भोक पाडलं. चकती बाहेरच्या नळीत बसवायची, चार फेऱ्या मारायच्या, अंश बघायचा.

पहिल्या चकतीला एकशे चाळीस. दुसरीला एकशे साठ. पण जसजसं इंजिन तापायला लागलं तसं ते आणखी इंधन मागायला लागलं. रॉय डोळे मिटून खुर्चीत बसे आणि नुसत्या आवाजावरून सांगे, "उपाशी आहे ते. सुई दोन खाचा उघड." वर्ना उघडी. "एक मागे." एक मागे. तिच्या तापमापकाला जे सांगता येत नव्हतं ते त्याच्या कानाला येत होतं.

गुरुवारी तिने सगळ्यात बारीक भोकाची चकती घातली. बोट बाणासारखी सुटली. तिसरी फेरी, चौथी, आवाज चढतच गेला. रॉय ओरडला, "सोड, सोड, अंगठा सोड!" तिने अंगठा उचलेपर्यंत इंजिन फट्कन बंद झालं. डॉटी होडी घेऊन गेली. काटा दोनशे चाळीसच्या पुढे होता. प्लगची तार वितळून गोळी झाली होती. पिस्टनच्या डोक्यावर चरा पडला होता, पण वाचला होता.

"हे आता उष्णतेने मेलेलं," रॉय म्हणाला. "दोन्ही बघून ठेवलंस ते बरं झालं."

ती आणि त्याआधीची, या दोन चकत्यांच्या मधली एक तिने शुक्रवारी कापली. चौथ्या फेरीनंतर एकशे पंच्याण्णव. पाचव्या फेरीनंतर एकशे पंच्याण्णव. सहाव्यानंतर एकशे शहाण्णव. तिने चाक फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरलं. बाहेरच्या नळीतून आता पिचकारी नव्हती, बारीक धार होती आणि ती हाताला चटकत होती. वर्नाने ती धार रॉयच्या बोटांवर सोडली.

"आई ग," तो म्हणाला, आणि हात काढला नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी क्लबची मोठी शर्यत. शेजारच्या तीन राज्यांतून बोटी आल्या होत्या. सकाळी सगळ्यांना दोन-दोन चाचण्या, दोन्ही मिळून पहिल्या पाच बोटी दुपारच्या अंतिम शर्यतीला. चालवणारे लाकडी मचाणावर उभे राहतात आणि प्रत्येकाशेजारी एक सांगणारा असतो. कोण मागे आहे, कोण आतून येतोय ते तो कानाशी ओरडतो, कारण चालवणाऱ्याला आपल्या बोटीवरची नजर काढता येत नाही. वर्ना मचाणावर चढली. रॉय खालीच उभा राहिला.

"चढ ना," ती म्हणाली.

"मी? पडेन मी इथून."

"पडलास तर माझ्यावर पड. मला सांगणारा हवाय."

हार्लनने पुढे होऊन त्याला कोपराला धरून वर घेतलं.

पहिल्या चाचणीत वर्नाने घाई केली. भोंग्यावर तीस सेकंद उलटे मोजतात, त्या वेळात बोटी मोकाट फिरत असतात आणि शून्याला किंवा शून्यानंतर रेघ ओलांडायची असते. तिने अर्धा सेकंद आधी ओलांडली. दंड म्हणून एक फेरी जास्त. तिला चौथा नंबर मिळाला. डेल त्या चाचणीत पहिला आला होता. मचाणावरून उतरताना तो म्हणाला, "लवकर निघालात ते बरं केलंत, मिसेस टेस्मर. तिसऱ्या फेरीच्या आत जेवढं होईल तेवढं."

पण तो बोलताना तिच्या बोटीकडे बघत होता. बोट तिसऱ्या फेरीला बसली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या चाचणीत ती दुसरी आली आणि अंतिम पाचांत शेवटची म्हणून घुसली.

दुपारी ऊन चढलं. वर्नाने काठावर जाऊन तापमापक तळ्यात धरला. सकाळपेक्षा पाणी सहा अंशांनी चढलं होतं. तिने आणि रॉयने एकमेकांकडे पाहिलं.

"चकती बदलू?" ती म्हणाली.

रॉयने विचार केला. "चकती राहू दे. सुई एक खाच उघड. तहान लागेल त्याला."

तिने उघडली.

भोंगा सुरू झाला. तीस. पाच इंजिनं एकदम किंचाळली आणि काठावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. डॉटीने कमरेपर्यंत पाण्यात जाऊन बोट सोडली. पंधरा. वर्ना मागच्या वळणावर बोट रेंगाळत ठेवत होती. "अजून नाही," रॉय तिच्या कानाशी म्हणाला. "अजून नाही. अजून नाही. आता!" तिने अंगठा खाली दाबला. शून्याला लाल बोट रेघेवर होती. पण डेलची निळी तिच्यापुढे दोन हात होती, आणि तीही शून्यानंतरच.

पहिली फेरी निळी पुढे. दुसरी फेरी निळी पुढे. इलिनॉयहून आलेली पिवळी बोट पहिल्या वळणाला उडाली, हवेत एक कोलांटी घेऊन उताणी पडली. "पिवळी मेली, उजवीकडे ठेव!" रॉय ओरडला. वर्नाने उजवीकडे ठेवली. उरल्या चार.

तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा काठ गप्प झाला. सगळा क्लब त्या आवाजाकडे कान देऊन होता. इंजिन आता बसणार. आता बसणार. लाल बोट समोरून गेली. बाजूच्या नळीतून बारीक धार आणि धारेवर वाफेचा धागा, उन्हात स्पष्ट दिसणारा. आवाज तसाच. वरच्या पट्टीत, एकसुरी, कुठेही न चिरकता.

"खातंय," रॉय म्हणाला. "मस्त खातंय. हात लावू नकोस कशाला."

चौथ्या फेरीला अंतर हातभर राहिलं. पाचव्या फेरीला ती डेलच्या शेपटाशी होती आणि त्याच्या पंख्याचे शिंतोडे तिच्या बोटीच्या नाकावर उडत होते. डेलनेही लाल बोटीचा आवाज ऐकला असणार. त्याने सगळा जोर लावला. शेवटची फेरी. पहिलं वळण, दुसरं वळण, दोघं बरोबर. वर्नाने मनाशी ठरवून बोट अर्धा हात मागे घेतली.

"काय करतेस?" रॉय किंचाळला.

"थांब."

तिसऱ्या वळणाला डेलची बोट बाहेर गेली. हातभर. वर्षानुवर्षं दर शनिवारी जायची तशीच. वळणावर तरंगणारा नारिंगी बोया आणि निळी बोट यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी मोकळी झाली, आणि वर्नाने लाल बोट त्या पट्टीत घातली. बोयाला घासून ती बाहेर पडली तेव्हा पुढे कुणी नव्हतं. सरळ पट्टा होता फक्त. तिने अंगठा पुरता दाबला आणि बोट जवळजवळ हवेतूनच रेघेपार गेली.

रॉय काय ओरडला ते तिला समजलं नाही. तो तिच्या खांद्याला धरून उड्या मारत होता आणि मचाण हलत होतं. दोघे पडतील म्हणून हार्लन खालून हात पसरून उभा होता. पाण्यात डॉटी बोट डोक्यावर धरून नाचत होती, गमबुटात पाणी भरलेलं, आणि इंजिन अजून चालूच.

"बंद कर ते!" वर्ना ओरडली.

"कशाला?" डॉटी ओरडली. "ऐकू दे सगळ्यांना!"

डेल मचाणावरून उतरला तो सरळ वर्नाकडे आला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

"मी बाहेर जातो होय, तिसऱ्याला?"

"हातभर."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू आलास तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही का कधी?"

"विचारायचं नाही का कधी?"

तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "इंजिनाला काय केलंत?" तिने चष्म्याची डबी उघडून तापमापक काढला, त्याच्या निळ्या बोटीच्या हेडवर टेकवला आणि काटा त्याला दाखवला. एकशे अडतीस. "तुझंही गारठलेलंच आहे," ती म्हणाली. "फक्त माझ्याइतकं नाही." डेल त्या काट्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात गणिताचे मास्तर बोट काखेत मारून आले. त्यांच्यामागे कागद गिरणीतला. त्यामागे मिनेसोटाहून आलेले दोघे, ज्यांना हे काय चाललंय ते नीट कळलंही नव्हतं, पण रांग आहे म्हणून तेही रांगेत उभे राहिले. कुणीतरी रॉयला विचारलं, चकतीला भोक किती पाडायचं. रॉय खुर्चीत बसून सॉसेज खात होता.

"तिला विचार," तो म्हणाला. "मी फक्त ओरडायला आहे."

वर्नाने सगळ्यांची इंजिनं मोजली. अकरा बोटी. डॉटीने आकडे लिहून घेतले आणि पाटी भरल्यावर सॅलडच्या डब्याच्या झाकणावर लिहिले.

संध्याकाळी हार्लन काठावरच्या क्लबच्या झोपडीच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यापाशी गेला. मोठी शर्यत जिंकणाऱ्याचं नाव तिथे वर्षभर राहतं. शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्याने डेलचं नाव पुसलं, खडू घेतला आणि सवयीने लिहिलं, आर. टेस्मर.

"ए हार्लन!" रॉय खुर्चीतून उठलाच. इतका जोरात ओरडला की शेगडीपाशी उभे असलेले सगळे वळले. "डोळे फुटले का? नाव नीट लिही!"

हार्लनने फळ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि बाहीने अक्षर पुसायला लागला. पुसता पुसता त्याने वर्नाला हाक मारली, "तू ये बाई, तूच लिही. माझा काही भरवसा नाही."

वर्ना हात पुसत आली, शिडी चढली आणि 'वर्ना' हे नाव पुरतं लिहिलं, नुसतं पहिलं अक्षर नाही. मग जरा मागे झुकून पाहिलं, आणि अक्षरं लहान झाली आहेत असं वाटून ती पुसून पुन्हा मोठी काढली.